धुरपताबाईचे सहा अंगठे

बैठक कशी घ्यायची ते मला कुणी शिकवू नये. आमच्या पाणी वाटप संस्थेच्या सहा पाळ्या झाल्या, सहा बैठका झाल्या, आन एकदा बी कोरम कमी पडला न्हाई. दुसऱ्या गावात काय व्हायचं? माणसं जमायची, चहा ढोसायची, बांधावरची जुनी भांडणं उकरायची आन ठराव न करता धोतर झटकून उठायची. माझी बैठक मात्र सव्वा तासात उरकायची. कारण माझ्या बैठकीला कुणी येतच नव्हतं.

मी सटवाजी, संस्थेचा सेक्रेटरी. गोष्ट शहाऐंशी सालची. आमच्या गावाला कालव्याचं पाणी येऊन तीन वर्षं झालती. पाणी चारीनं, म्हंजी कालव्यातनं रानाकडं काढलेल्या पाटानं यायचं, आन चारी तीन किलोमीटरची. पाणी सुटायच्या आदी कुणाचं रान कोणत्या दिवशी भिजायचं याचा ठराव करायचा, कमिटीच्या अकरापैकी सात सभासदांच्या सह्या घ्यायच्या आन तो कागद कालव्याच्या हापिसात द्यायचा. मंगच चारीचं दार उघडणार, असा नेम व्हता.

मंग मी काय करायचो? सकाळी रजिस्टर घेऊन अध्यक्षांच्या, म्हणजे व्यंकटरावांच्या, ओसरीवर जायचो. ते सांगायचे, मी लिवायचो. सूचक म्हणून त्यायचं नाव. अनुमोदक म्हणून भांडायला न येणाऱ्या कुणाचं तरी नाव घालायचं आन खाली ‘सर्वानुमते मंजूर’. रजिस्टर सायकलच्या कॅरिअरला, शाईचं पॅड खिशात, आन निघालो घरोघर. सायकल स्टँडवर लावायची, सीटवर रजिस्टर उघडायचं. ज्याला लिवता येतंय त्यानं सही करायची, न्हाई त्यानं अंगठा. कुणी विचारायचं न्हाई आन मी सांगायचो न्हाई. लय सुखाचा कारभार.

ठराव बी दर पाळीला तोच. पाणी तोंडाकडनं सुरू करायचं. चारीच्या तोंडाला व्यंकटरावांचा ऊस, त्याच्या खाली आबासाहेब आन दिनकरराव, हे त्यायचे चुलते आन मेहुणे. त्याच्या खाली माझा दीड एकर. असं करत करत पार शेवटाला धुरपताबाईचा एक एकर आन आश्रुबाचं पाऊण एकर. त्या टोकाला साहेब लोक टेल म्हणायचे, तर आमी बी टेलच म्हणायला लागलो. पाणी बारा दिवस. टेलची पाळी अकराव्या दिवशी. पण वरचा माणूस आपली पाळी संपली तरी दार लावायचा न्हाई, त्यामुळं अकराव्या दिवशी टेलला बेडूक भिजंल एवढं बी पाणी पोचायचं न्हाई.

धुरपताबाई कमिटीत कशी आली, ते बी सांगतो. कमिटीत एक बाई पायजे आन एक माणूस टेलचा पायजे, असं वरून पत्र आलतं. व्यंकटराव म्हणले, “एकाच जागेत दोनी बसवून टाक. धुरपता विधवा हाय, खाली मान घालून राहती. तिचंच नाव घाल.” तिचा नवरा माझा लांबचा भाऊ, कमिटी व्हायच्या आदीच साप चावून गेलता. मी नाव घातलं.

त्या साली होळी होऊन चार दिवस झालते. शनिवारी पाणी सुटायचं व्हतं. पण अकरापैकी तीन सभासद ऊसतोडीला गेलेले, एक पूर्णेला लेकीच्या घरी आजारी पडलेला. राहिले बरोब्बर सात. मी म्हणलं, काय फिकर न्हाई, सातच लागत्यात. सहा सह्या झाल्या आन मी धुरपताबाईच्या दारात सायकल लावली. ती खुरपं घेऊन रानात निघालीच व्हती.

“वहिनी, अंगठा द्या.” मी पॅड उघडलं.

“भाऊजी, काय लिवलंय ते वाचून दावा की.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सहा पाळ्यांत कुणी असं म्हणलं नव्हतं. “तेच की, दर वक्तासारखं.”

“तेच का असंना. वाचा.”

मी घाईघाईत वाचायला लागलो. “सकाळी आठ वाजता मारुतीच्या पारावर, अध्यक्ष व्यंकटराव यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली. हजर सभासद खालीलप्रमाणे...” आन नावं वाचत वाचत तिच्या नावापशी आलो.

“थांबा. मी कुठं हाजर व्हते?”

“पारावर.”

“कुण्या पारावर?”

“आपल्या मारुतीच्या.”

तिनं खुरपं खाली ठेवलं. “अगं बया! मी? मारुतीच्या पारावर? गड्यांच्या मांडीला मांडी लावून?” आन मंग एकदम बारीक आवाजात म्हणली, “आन आदीच्या सहा टायमाला?”

“तिथं बी पारच लिवलाय.”

आमच्याकडं बाईमाणूस पारावर चढत न्हाई. पारासमोरनं जायचं तर पदर वढून, चपला हातात घेऊन. धुरपताबाई आपल्या अंगठ्याकडं बघायला लागली. “दर शनिवारी तेल घालती मी मारुतीला, खालनं, हात लांब करून. आन तुमी मला सहा येळा वर चढवून बसवलं? मी काय तोंड दावू त्याला?”

“वहिनी, कागद हाय तो. कागदावर कायतरी लिवावं लागतंय.”

“मंग खरं लिवा. बैठक घ्या, मी येते. बसल्याबिगर अंगठा न्हाई.” तिनं खुरपं उचललं. “माझ्या भुईमुगाच्या आऱ्या सुटल्यात, भाऊजी. गेल्या साली ह्याच वक्ताला पाणी आलं न्हाई आन आख्खा एकर वाळला. औंदा बी वाळला तर मी कोयता घेऊन तोडीला जाणार. ह्या वयात कुणी टोळीत घेतलं तर.”

भुईमुगाचं फूल गळलं की त्यातनं दोऱ्यासारखी आरी निघती आन खाली जमिनीत शिरती. माती वली असली तर शिरती, तिथं शेंग धरती. माती कडक झाली की आरी वरच्या वर लटकती आन सुकून जाती. झाड हिरवं दिसतंय, पण उपटलं की खाली काय न्हाई. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या दीड एकरात बी भुईमूगच व्हता. फरक एवढाच, माझा तोंडाकडं व्हता.

मी व्यंकटरावांकडं गेलो. ते हसले. “अंगठ्याला काय तोंड असतंय का, सटवाजी? तुझ्या बायकोचा घे आन मोकळा हो.”

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. घरी आलो. कमलबाई भाकरी थापायली व्हती. मी म्हणलं, हात धू आन हितं अंगठा लाव. तिला बी त्या दिवशीच विचारायचं सुचलं. “कुणाच्या नावापुढं?”

“धुरपतावहिनीच्या.”

पिठाचा हात तसाच धरून ती उभी राहिली. “रांडव बाईच्या जागी माझा अंगठा? तुमी जित्ते असताना? कुकू पुसून येऊ का, मंजी कागद आजून पक्का व्हईल?”

“आगं हळू बोल.”

“कामून हळू बोलू? उद्या तुमास्नी कायबाय झालं तर गाव म्हणंल, हिनं आपल्या हातानं लावून घेतलं. उठा हितनं. भाकरी करपायली.”

आता सांगा, बाईनं हे म्हणल्यावर मी अंगठा कुणाचा लावू? झक मारत व्यंकटरावांना सांगितलं, मालक, बैठक घ्यावी लागंल. खरीखुरी.

तर पहिला सवाल, बसायचं कुठं? पारावर धुरपताबाई येणार न्हाई. आन आश्रुबा बी येणार न्हाई. आश्रुबा बुद्धवाड्यातला. नामांतराच्या दंगलीला आठ वर्षं होत आलती. आमच्या गावात जाळपोळ झाली न्हाई, असं आमी फुशारकीनं सांगायचो. पण तवापासून बुद्धवाड्यातला माणूस पारापशी थांबत नव्हता, आन आमी बी ये म्हणत नव्हतो. व्यंकटरावांच्या ओसरीचं तर नावच नको. शाळेत परीक्षा चालू. धुरपताबाईनं निरोप धाडला, “माझ्या रानात या. चारीच्या शेवटाला. कुणाला मनाई न्हाई.”

गुरुवारी सकाळी आठला आमी निघालो. व्यंकटरावांनी मोटारसायकल काढली, पण चारीच्या काठानं मोटारसायकल जात न्हाई. तीन किलोमीटर पायी. आमच्यातला कुणीच आदी चारीच्या काठानं तोंडापासनं शेवटापर्यंत चालला नव्हता. मी सहा ठराव लिवले, पण मी बी न्हाई. जागोजागी काठ फोडलेला, गवत वाढलेलं. एका जागी तर कुणीतरी म्हशीला डुंबायला खड्डा केलता. कुणी ते कुणी बोललं न्हाई. खड्ड्याला लागून दिनकररावांचाच गोठा व्हता.

आश्रुबा माझ्या मागं चालत व्हता. मी हळूच म्हणलं, “आश्रुबा, तुला तर वाचता येतंय. तू बी कधी बोलला न्हाईस, की मी पारावर नव्हतो म्हणून?”

“मी वाचूनच सही करायचो, सेक्रेटरी,” तो म्हणला. “म्हणलं, कागदावर का व्हईना, बसलो तरी.”

मी रजिस्टर ह्या काखेतनं त्या काखेत घेतलं.

धुरपताबाईच्या रानात सतरंजी न्हाई, सावली न्हाई. एक बाभूळ, तिच्या बुडाला पाण्याची घागर. सगळे कोरड्या चारीत उभे राहिले. उन्हं तापायला लागली व्हती. लिंबाजी घागरीकडं गेला तर ती म्हणली, “आदी काम, दादा. मंग पाणी.” लिंबाजी मधल्या रानाचा माणूस. “तुमी म्हणाल ते,” हे त्याचं जन्मभराचं मत.

मंग ती वाफ्यात शिरली आन भुईमुगाची सहा झाडं उपटून आणली. एकेकाच्या हातात एकेक दिलं. व्यंकटरावांच्या बी हातात. शेतकऱ्याच्या हातात झाड आलं की तो ते उलटं करून बघतोच. आमी सगळ्यांनी उलटं केलं. आऱ्या ह्या लांब लांब, टोकाला सुकून काळ्या पडायला लागलेल्या. थोड्या शिरल्या व्हत्या, बाकीच्या लटकत व्हत्या.

“करा चालू,” व्यंकटराव म्हणले. “माझं म्हणणं असं हाय की...”

“तुमी थांबा, दादा,” धुरपताबाई म्हणली. पदर डोक्यावर, नजर खाली, पण आवाज खणखणीत. “आमी बाया खुरपायला बसलो की जिची तिची पात असती. दुसरीच्या पातीत कुणी खुरपं घालत न्हाई, म्हणून सांजपर्यंत रान साफ हुतंय. हितं बी तसंच करा. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. भाऊजी, नावं खालनं वाचा.”

“खालनं?”

“आपण शेवटालाच उभे हाव की.”

आता ह्यात काय ग्यानबाची मेख व्हती ते मला तिथं उभं राहून कळलं. आमच्याकडं मोठा माणूस आदी बोलतो आन बाकीचे ‘बरोबर हाय’ म्हणत्यात. खालनं नावं वाचली तर मोठ्यानं काय म्हणलं हे कुणालाच ठाऊक नसतंय. ज्याचं त्यालाच बोलावं लागतंय. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी इतकी वर्षं कारभार केला, मला सुचलं नव्हतं.

सगळ्यात खाली तिचंच नाव. “टेलकडनं पाणी सुरू करा,” ती म्हणली. तेवढंच.

मंग आश्रुबा. “टेलकडनं. म्हंजी वरचा माणूस आपली पाळी लौकर यावी म्हणून चारीची राखण करंल. आता करत न्हाई, कारण त्याचं आदीच भिजलेलं असतंय.”

मंग लिंबाजी. त्यानं व्यंकटरावांकडं बघितलं. व्यंकटराव झाडाकडं बघत व्हते. लिंबाजीला घाम फुटला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या वाट्याला ‘तुमी म्हणाल ते’ म्हणायला कुणी उरलं नव्हतं. त्यानं हातातली आरी मोडून बघितली आन म्हणला, “हे... हे बराबर न्हाई. पीक हाय ते. टेलकडनं सोडा.”

दिनकरराव म्हणले, तोंडाकडनं. आबासाहेब म्हणले, तोंडाकडनं, आजवर चालत आलंय ते मोडू नये.

तीन आन दोन. रजिस्टरात सगळ्यात वर अध्यक्ष आन सेक्रेटरी, म्हणून राहिलो मी आन व्यंकटराव.

मी तोंडाकडनं म्हणलं असतं तर तीन-तीन झाले असते, आन सातवं मत व्यंकटरावांचं, ते कुणीकडं पडणार हे ठरलेलंच. मी सहा बैठका लिवल्या, पण एका बी बैठकीत मी सोता काय बोललो नव्हतो. माझा भुईमूग तोंडाला. टेलकडनं सुरू केलं तर मला पाणी दहाव्या दिवशी. व्यंकटराव माझ्याकडं बघायले व्हते, आन मला त्यायची भीती वाटत व्हती, सरळ सांगतो. पण हातात ते झाड व्हतं. आन समोर ती बाई उभी व्हती, जिला मी सहा येळा मारुतीच्या डोक्यावर नेऊन बसवली व्हती.

“टेलकडनं,” मी म्हणलं.

व्यंकटरावांनी झाड खाली टाकलं. म्हणले, “चार झाले. आता मी काय म्हणणार? लिव, सर्वानुमते.”

“न्हाई,” धुरपताबाई म्हणली. “ज्यानं जे म्हणलं ते लिवा.”

त्यायचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता निघून जातेत, आन ते गेले की सातवी सही गेली, पाणीच गेलं. पण मंग त्यायचा ऊस बी वाळणार व्हता. “लिव बाबा,” ते म्हणले. “आबासाहेब, दिनकर आन मी, तिघं विरोधात. उद्या पाणी टेलला पोचलं न्हाई तर चौघांनी मला तोंड दावू नये.” आन त्यायनी कोऱ्या पानावरच सही ठोकली.

मी मांडीवर... मांडी कुठली, गुडघ्यावर रजिस्टर धरून लिवलं. सगळं मोठ्यानं वाचून दावलं. ठिकाण, चारीचा शेवट, धुरपताबाईचं रान. तवा कुठं तिनं अंगठा दिला, दाबून, नीट. मंग घागरीवरचा तांब्या काढला. मी घड्याळ बघितलं तर पंचवीस मिनटं. उन्हात उभा राहिलेला माणूस भाषण करत न्हाई.

आश्रुबा म्हणला तसंच झालं. आपली पाळी यावी म्हणून दिनकररावांनी सोता फावडं घेऊन म्हशीचा खड्डा बुजवला. फोडलेले काठ दोन दिसांत लिंपले गेले. पाणी पहिल्याच दिवशी टेलला पोचलं. माझ्या रानात दहाव्या दिवशी आलं. थोडं झाड माना टाकायला लागलं व्हतं, पण वाचलं. व्यंकटराव त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मिरगाच्या आदी धुरपताबाईचा भुईमूग निघाला. तिनं निरोप धाडला, “भाऊजी, शेंगा खायला या. येताना रजिस्टर आना.”

गेलो. तिनं उकडलेल्या शेंगांचं टोपलं पुढं ठेवलं. भरलेल्या, तीन-तीन दाण्याच्या. लय बरं वाटलं मला. म्हणलं, आपल्या एका शब्दानं झालं हे.

“आता आदीची सहा पानं वाचा,” ती म्हणली.

“कशाला वहिनी? झालं गेलं.”

“मी पारावर बसले व्हते ते कळलं. बसून काय बोलले, ते बी लिवलं असंल की.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला अक्षर वळखू येत नव्हतं. मी काय बी वाचलं असतं तर तिनं ते खरं मानलं असतं. मनात आलं बी. पण ती माझ्या तोंडाकडं बघायली व्हती.

गेल्या सालच्या उन्हाळी पाळीचं पान काढलं आन वाचलं. “तोंडाकडून पाणी सुरू करावे, असे ठरले. सूचक, व्यंकटराव. अनुमोदक, धुरपताबाई.”

“अनुमोदक मंजी?”

“मंजी... सूचकानं जे म्हणलं ते बराबर हाय, तसंच करा, असं म्हणणारं माणूस.”

“आन बाकीच्या पानावर?”

“सगळ्यावर तुमीच, वहिनी.”

भांडायला न येणारं नाव म्हणून मी ते घालायचो. ते बी सांगायचं व्हतं, पण सांगितलं न्हाई. मला इतकी लाज वाटली की टोपल्याकडं बघवंना. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं आपला अंगठा उलटा करून बघितला.

“मंजी गेल्या साली माझा भुईमूग मीच वाळवला म्हणा की,” ती म्हणली. आन मंग टोपलं माझ्याकडं सरकवलं. “खावा भाऊजी. थंड व्हायल्यात.”